कसूर गिअरबॉक्सची की क्लचची?

जुन्या मोटारीत गिअर टाकताना दातांवर दात घासल्याचा कर्कश आवाज उठला, किंवा गिअरचा दांडा अर्ध्या वाटेवर अडून राहिला, की मालकाच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘गिअरबॉक्स गेला’ हा. आणि एकदा हा उद्गार निघाला की गाडी कारखान्यात नेणे, इंजिन उतरवणे, पेटी उघडणे, आतील चक्रे व बेअरिंगे बदलणे आणि अखेर त्या सर्वांचे जबर बिल चुकते करणे, हा पुढला सारा व्यवहार त्या एका उद्गाराची अंमलबजावणी म्हणून आपोआप घडत जातो. या घाईच्या फैसल्याविरुद्ध एका विशिष्ट गाडीच्या आधाराने गिअरबॉक्सची कैफियत मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ती गाडी म्हणजे इंग्लंडातील ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत असलेली एम. जी. बी. ही स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून अधिक संख्येने ती बनली, तिचा फार मोठा भाग अमेरिकेत गेला, आणि आजही इंग्लंड-अमेरिकेतील हौशी मंडळी आपल्या घरच्या गॅरेजात, स्वतःच्या हातांनी तिची निगा राखतात. तिचे १,७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ज्या ‘बी सीरिज’ घराण्यातले, त्याच घराण्यातील १,४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर आपल्याकडील अँबॅसडर गाडीने वर्षानुवर्षे रस्ते तुडवले. तेव्हा ही गाडी दिसायला परकी असली तरी तिची यंत्रप्रकृती मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित म्हणता येणार नाही. शिवाय तिचा क्लच ब्रेक ऑईलच्या दाबावर चालतो, तिचा गिअर हाताने पडतो आणि तिच्यात संगणक नावालाही नाही; म्हणून कारण आणि कार्य यांचा संबंध तिच्या ठिकाणी जितका उघडा दिसतो तितका नव्या गाड्यांत क्वचितच दिसेल.

निदानाला हात घालण्यापूर्वी पेटीच्या आत काय घडते ते समजून घेतले पाहिजे. गिअरबॉक्समधील पुढे जाण्याच्या चक्रांच्या जोड्या, एका अपवादाखेरीज, सदैव एकमेकींत गुंतलेल्याच असतात. दांडा सरकवून आपण चक्रे गुंतवीत नसून, मुख्य दंडावर मोकळ्या फिरणाऱ्या चक्रांपैकी एकाला त्या दंडाशी जखडत असतो. जखडण्याच्या क्षणी त्या चक्राची आणि दंडाची गती सारखी असावी लागते, आणि ती सारखी करण्याचे काम सिंक्रोमेश करतो. धावत्या एसटीत चढू पाहणारा माणूस जसा आधी चार पावले गाडीबरोबर धावतो आणि मगच दांडी धरतो, तसे सिंक्रोमेशचे पितळी कडे प्रथम चक्राच्या शंकूवर घासून त्याची गती दंडाच्या गतीशी जुळवते, आणि ती जुळेपर्यंत सरकत्या बाहीला पुढे जाऊ देत नाही. ही युक्ती अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत १९२८ साली प्रथम आली. त्यापूर्वी हे जुळवणे सर्वस्वी चालकाच्या कानावर आणि पायावर सोपवलेले होते.

आता या पितळी कड्याचे बळ किती, याचा विचार करावा. क्लच पूर्ण दाबलेला असताना त्याला थोपवायची असते ती फक्त क्लच प्लेट, पेटीत शिरणारा दंड आणि त्याच्याशी जोडलेला चक्रांचा खालचा संच एवढ्यांचीच गती. हे ओझे लहान असल्यामुळे ते काम क्षणार्धात उरकते. परंतु पेडल तळाला टेकूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, प्लेट फ्लायव्हीलला किंचित जरी घासत राहिली असेल, तर त्या कड्याला प्रत्यक्ष चालू इंजिनाशी झुंजावे लागते. त्या झुंजीत कड्याचा पराभव ठरलेला आहे. दात करकरतात, दांडा अडतो, आणि लक्षण हुबेहूब सिंक्रोमेश झिजल्याचे दिसते, वास्तविक सिंक्रोमेश निरोगी असतो. इतकेच नव्हे, तर ही झुंज महिनोन् महिने चालू ठेवली की तो निरोगी सिंक्रोमेशही खरोखरच झिजून जातो. क्लचच्या क्षुल्लक दोषाकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने गिअरबॉक्सचा बळी घेते, आणि मग पेटी उघडणारा मिस्त्री झिजलेले कडे दाखवून आपलेच निदान बरोबर होते असे समाधानाने सांगतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठा अन्याय तो हाच. कारण मूळ दोष जागच्या जागी राहून नव्या कड्यालाही त्याच वाटेने धाडतो.

काही लक्षणे तर दोषाची नसतातच. वर ज्या अपवादाचा उल्लेख केला तो असा की, १९६७ च्या उत्तरार्धापर्यंत निघालेल्या एम. जी. बी. गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. त्यानंतरच्या पेटीत तो चारही गिअरना मिळाला. जुन्या पेटीची गाडी हळू चालत असताना पहिला गिअर टाकू गेल्यास तो करकरणारच, आणि गाडी उभी असतानाही क्लच दाबल्याबरोबर घाईने टाकल्यास करकरण्याचा संभव असतो. क्लच दाबून दोन क्षण थांबावे, किंवा दांडा प्रथम दुसऱ्या गिअरकडे टेकवून आतील चक्रे थांबवावीत आणि मग पहिल्याकडे आणावा, म्हणजे तक्रार राहत नाही. तेव्हा गाडी कोणत्या सालची आणि तिच्यात पेटी कोणती, ही चौकशी सर्वांआधी झाली पाहिजे. कारण पन्नास वर्षांत मालक बदलले तशा पेट्याही बदललेल्या असू शकतात.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करावी. गाडी सपाट जागी उभी करून, क्लच दाबून, दांडा एकामागून एक सर्व गिअरांत फिरवावा. इंजिन बंद असतानाही एखादा गिअर पडत नसेल, अथवा दांडा कोठे जातो याचा हाताला पत्ताच लागत नसेल, तर दोष दांड्याच्या बुडाशी असलेल्या बुशात, किंवा पेटीतील सरकत्या सळया आणि त्यांचे काटे यांत शोधावा. पैकी दांड्याचा बुश आतल्या बाजूने, गालिचा व रबरी आवरण काढून, अल्प खर्चात बदलता येतो. उलट, इंजिन बंद असताना सर्व गिअर सुरळीत पडतात आणि इंजिन चालू होताच तेच गिअर अडतात, असे आढळले तर संशयाचा रोख क्लचकडे वळवावा.

त्या संशयाची खातरजमा रिव्हर्स गिअरने होते. रिव्हर्सला सिंक्रोमेश नसल्यामुळे तो या बाबतीत खोटे बोलत नाही. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून, क्लच तळापर्यंत दाबून, पाचसात सेकंद थांबावे. तेवढ्या अवकाशात पेटीतील चक्रे थांबलीच पाहिजेत, आणि मग रिव्हर्स निमूटपणे पडला पाहिजे. इतके थांबूनही तो करकरला, तर प्लेट फिरतेच आहे, म्हणजे क्लच सुटत नाही, हे सिद्ध झाले. त्यानंतर पेडल भराभर चारपाच वेळा दाबून पुन्हा तोच प्रयोग करावा. आता गिअर शांतपणे पडला, तर दोष क्लच प्लेटचा नसून दाब पोचवणाऱ्या व्यवस्थेचा आहे: ब्रेक ऑईलमध्ये हवा शिरली आहे, किंवा मास्टर सिलिंडरची रबरी सील दाब धरीत नाही. आणखी एक खूण अशी की, पेडल दाबून पहिल्या गिअरमध्ये उभी असलेली गाडी काही सेकंदांनी आपणहून पुढे सरकू पाहते. पेडल तर जागेवर असते, पण सीलच्या कडेने तेल मागे झिरपून दाब ओसरत असतो. हा प्रयोग करताना हँडब्रेक ओढलेला असावा आणि गाडीपुढे कोणीही उभे नसावे.

या दाबव्यवस्थेचा तपास हा सर्व निदानाचा गाभा आहे आणि तो पेडलापासूनच सुरू करावा लागतो. पेडल ज्या पिनेने मास्टर सिलिंडरच्या सळईशी जोडलेले असते, ती पीन वर्षानुवर्षांच्या घर्षणाने झिजते आणि पेडलातले तिचे गोल भोक लंबवर्तुळाकार होते. येथली झीज डोळ्यांना क्षुल्लक वाटते. परंतु पेडल ही तरफ असल्यामुळे पिनेजवळचा एक मिलिमीटरचा ढिलेपणा पायाखाली कित्येक पटींनी वाढून येतो, आणि पेडलाचा वरचा बराच प्रवास काही काम न करताच संपतो. या गाडीच्या क्लचला झीज भरून काढण्यासाठी फिरवायचा कोणताही स्क्रू नाही. प्लेट झिजली तर ती भरपाई तेलाच्या दाबाने आपोआप होते, पण पिनेची झीज भरून काढणारे कोणी नाही. केवळ ही पीन बदलल्याने गिअरबॉक्स ‘दुरुस्त’ झाल्याची उदाहरणे हौशी मंडळींत वारंवार सांगितली जातात, आणि त्यांत अतिशयोक्ती मुळीच नाही.

पेडलानंतर मास्टर सिलिंडर. त्याच्या टाकीतील तेलाची पातळी वरचेवर उतरत असेल तर ते तेल कोठेतरी जात आहे. पेडलामागे हात घालून सळईजवळ ओल लागते काय, आणि पेडलाखालचा गालिचा किंवा रंग खराब झाला आहे काय, हे पाहावे. मग गाडीखाली जावे, अर्थात ती भक्कम स्टँडवर टेकवून आणि चाकांना उटी लावूनच, कारण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हा आत्मघात आहे. तेथे क्लचच्या आवरणाच्या उजव्या अंगाला, मास्टरकडून आलेल्या तेलाच्या दाबाने सळई ढकलून क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर दिसेल. त्याचे रबरी टोपण मागे सारून आत ओल आढळली तर त्याची सील गेली. नंतर एकाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने स्लेव्हच्या सळईचा प्रवास मोजावा. तो सुमारे अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटरच्या आसपास भरला पाहिजे. त्याहून बराच कमी भरला तर दोष सळईच्या अलीकडे, म्हणजे तेलाच्या मार्गात किंवा पेडलात आहे. पुरता भरला आणि तरीही क्लच सुटत नसेल, तर दोष पलीकडे, म्हणजे आवरणाच्या आत आहे. एका साध्या पट्टीने केलेले हे मोजमाप पुढच्या साऱ्या खर्चाची दिशा ठरवते; म्हणून ते टाळून इंजिन उतरवायला निघालेल्या कारागिराला मालकाने विनयाने पण ठामपणे थांबवावे.

मास्टर व स्लेव्ह यांना जोडणाऱ्या नळीत एक रबरी तुकडा असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुने रबर दाबाखाली फुगते, म्हणजे पेडलाने लोटलेले तेल सळई ढकलण्याऐवजी नळी फुगवण्यात खर्ची पडते. किंवा ते आतून सुजून मार्ग इतका अरुंद करते की गेलेले तेल परत यायला वेळ लागतो, आणि पाय काढल्यावरही क्लच उशिराने धरतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते, म्हणून तिचे वय हाच तिच्याविरुद्धचा पुरावा मानून ती बदलणे श्रेयस्कर. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि त्या ओलाव्याने सिलिंडरची आतली भिंत गंजते. गंजलेल्या भिंतीवर नवी सील बसवली तरी ती थोड्याच दिवसांत फाटते. नवे भाग बसवल्यावर हवा काढण्याचे काम या गाडीत कुप्रसिद्ध आहे, कारण नळीच्या उंच वळणात बुडबुडे दबा धरून राहतात. वरून पेडल मारून ते खाली ढकलत बसण्यापेक्षा स्लेव्हच्या निपलमधून पिचकारीने तेल वर चढवावे, म्हणजे हवा आपल्या स्वाभाविक दिशेने वर निघून जाते.

सळईचा प्रवास पुरा भरूनही क्लच सुटत नसल्यास संशयित थोडेच उरतात. गाडी दीर्घकाळ बंद असेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असू शकते. दुसरा संशयित म्हणजे इंजिनाच्या दंडाच्या शेपटीतील लहानसा पितळी बुश, ज्यात पेटीच्या दंडाचे टोक फिरते. तो आवळून धरू लागला की क्लच निर्दोष असूनही इंजिन त्या टोकाला स्वतःबरोबर फिरवीत राहते. तिसरा संशयित सर्वांत गंभीर आणि पाहायला सर्वांत सोपा. इंजिन बंद ठेवून सहायकाला पेडल दाबायला सांगावे आणि इंजिनाच्या पुढल्या टोकाच्या पुलीकडे लक्ष ठेवावे. दंडाला पुढे-मागे सरकण्याची मुभा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीच असते. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर दंडाचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत, आणि हे दुखणे गिअरचे नसून इंजिनाचे आहे. अशा गाडीने एक मैलही जाऊ नये.

क्लच निर्दोष ठरला तरच रस्त्यावरील परीक्षेला अर्थ. इंजिन पुरते तापल्यावर गाडी चालवून कोणता गिअर, चढताना की उतरताना, कुरकुरतो हे नोंदवावे. सर्वच गिअर सारखे करकरत असतील तर पुन्हा क्लचकडे परतावे. चारही कडी एकाच वेळी झिजण्याचा संभव अल्प. केवळ दुसरा गिअर, विशेषतः तिसऱ्यावरून खाली आणताना, करकरत असेल तर ते सिंक्रोमेशच्या झिजेचे शास्त्रोक्त लक्षण होय. त्याचे कारण आकड्यांतच आहे: चार सिंक्रोमेशांच्या पेटीत तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.३८ आणि दुसऱ्याचे २.१७, म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना दुसरा गिअर टाकला, तर पेटीत शिरणाऱ्या दंडाची गती त्या कड्याला जवळजवळ ४,७०० फेऱ्यांपर्यंत चढवावी लागते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाही तितकीच मोठी उडी उलट दिशेने असते. दोन्ही बाजूंचा मार खाणारे कडे आधी झिजावे हे न्यायाचेच आहे. खात्री करण्यासाठी डबल क्लच करावा: क्लच दाबून दांडा न्यूट्रलला, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक टोला, पुन्हा क्लच दाबून दुसरा गिअर. ट्रकचे आणि एसटीचे जुने चालक हे विनासायास करीत. असे केल्याने गिअर निःशब्द पडला, तर दोष त्या कड्याचाच. आणि मी तर म्हणेन की, असा चालक ही विद्या शिकून घेऊन आणखी बरीच वर्षे ती पेटी न उघडताही सुखाने गाडी चालवू शकतो.

पेटीतील तेलाबद्दल गैरसमज मुबलक आहेत. या गाडीच्या पेटीत दाट गिअर ऑईल घालायचे नसून इंजिनाचेच तेल, साधारणतः २०डब्ल्यू-५० प्रतीचे, घालायचे असते. ‘गिअरबॉक्स म्हणजे गिअर ऑईल’ या ठाम समजुतीने डिफरन्शियलचे अतिदाबाचे तेल भरले, तर ते थंडीत इतके दाट राहते की दांडा चिखलातून ओढल्यागत चालतो. शिवाय त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी भागांना बाधू शकतात. उलट, थंड असताना किंचित अडणारा आणि काही मैलांनी मोकळा होणारा दुसरा गिअर हा तेलाचा स्वभाव समजावा, रोग समजू नये. अपरिचित गाडी हाती आली की, इतर कोणत्याही परीक्षेआधी जुने तेल काढून योग्य ते भरावे, असा माझा आग्रह आहे.

आवाजांची भाषा थोडक्यात सांगता येते. न्यूट्रलमध्ये, पाय पेडलावर नसताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर ती पेटीतील बेअरिंगांची. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर तो रिलीज बेअरिंगचा. या गाडीत ते गोळ्यांचे नसून ग्रॅफाइटच्या कड्याचे असते, आणि सिग्नलपाशी क्लच दाबून उभे राहण्याची सवय त्याला फार लवकर संपवते. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर निसटून न्यूट्रलला येत असेल, तर सळईला जागी धरणारी स्प्रिंग, झिजलेले दात किंवा दंडाचा ढिलेपणा यांचा विचार करावा. पण त्याआधी इंजिन-गिअरबॉक्सखालची रबरे फाटलेली नाहीत ना, हे पाहावे.

ज्या गाड्यांना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पेटीला जोडलेले जादा उंच गिअरचे यंत्र, आहे त्यांच्याबाबत एका धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ते चालू होत नसेल तर दोष बहुधा विजेचा, म्हणजे बटणाचा, तारेचा किंवा पेटीवरील स्विचचा असतो आणि तो बाहेरूनच सापडतो. परंतु ते एकदा लागून सुटेनासेच झाले, तर गाडी रिव्हर्समध्ये तसूभरही घेऊ नये. तसे केल्यास आतील एकदिश क्लच मोडतो आणि बटणाच्या किमतीचे काम संपूर्ण यंत्राच्या किमतीवर जाते. अशी गाडी ढकलतही मागे नेऊ नये.

एवढा तपास करूनही पेटी उघडणे भाग पडले, तर मात्र काटकसर करू नये. या गाडीची पेटी काढायची तर इंजिनही बाहेर काढावेच लागते; तेव्हा त्याच वेळी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच, दंडाच्या शेपटीतला बुश, इंजिनाची मागली ऑईल सील आणि क्लचच्या काट्याचा बुश, हे सर्व नवे बसवावे. जुने तेल फेकून देण्यापूर्वी पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात तिरपे धरावे: बारीक पिवळी चकाकी दिसली तर ती कड्यांची झीज, आणि तेल नितळून घेतल्यावर चुंबकाला पोलादाचे कण लागले तर दातांची किंवा बेअरिंगांची. मिस्त्रीला सुटे भाग मागवण्याची यादी त्या ताटलीवरून करता येते.